ट्रॅव्हलरसाठी मोठ्या आचेची शेगडी: प्रकल्प नोंदी

9 नोव्हेंबर 2024, शनिवार

दिवाळीचं आवरलं, आता गाडीचं काम परत हातात. दादाने आणि मी मिळून जी सेकंडहँड ट्रॅव्हलर (फोर्सची मिनीबस) घेतलीये ती इथेच इंदूरजवळ पिथमपूरला बनलेली, आधी शाळेच्या फेऱ्या मारायची. सीटा काढून झाल्या, झोपायच्या फळ्या लागल्या, पाण्याची टाकी बसली, छताला बाजूने ताडपत्रीचा मांडव उघडतो तोही झाला. राहिलंय ते स्वयंपाकाचं, आणि आमच्या घरात तोच खरा मुद्दा आहे कारण आम्ही निघतो तेव्हा बारा-चौदा जण तर असतातच, काका-काकू, आत्या, पोरं, कोणाची ना कोणाची मैत्रीण.

काय काय शिजवायचंय ते आधी लिहून ठेवतो, कारण शेगडी त्यावरून ठरणार, दुकानातल्या आकड्यावरून नाही. सकाळी इंदुरी पोहे (म्हणजे खाली पाणी उकळत ठेवून वर वाफेवर राहणारे), चहा दोन-तीनदा, दुपारी दाल-बाफले, रात्री पिठलं-भात नाहीतर खिचडी, आणि थंडीत पोरांच्या अंघोळीचं पाणी. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी हळदीच्या उकळत्या पाण्यात टाकायचे, ते वर तरंगले की काढायचे आणि मग कंड्यांवर भाजायचे. भाजायला गोवऱ्या आहेतच, पण ते उकळायचं पातेलं मोठं असतं, आणि बाफले टाकल्यावर पाणी थंड पडून उकळी मोडली तर ते खाली चिकटतात, सुटतात, पिठाचा चिखल होतो. म्हणून आच दणकट पाहिजे. आणि पिठल्याला बरोबर उलटं.

एक गोष्ट सगळ्यांनी मान्य केली: गाडीच्या आत काही पेटवायचं नाही. चहासुद्धा नाही. सगळा स्वयंपाक मांडवाखाली, बाहेर.

14 नोव्हेंबर

आत्येभावाशी फोनवर बोललो. तो कोलोरॅडोला असतो, दरवर्षी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरतो, या विषयात माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. त्याच्याकडे कॅम्प शेफची दोन बर्नरची उभी शेगडी आहे, एकेक बर्नर 30,000 बीटीयूचा. आपल्या हिशोबात 3,412 बीटीयू प्रतितास म्हणजे 1 किलोवॅट, म्हणजे एकेक बर्नर पावणेनऊ किलोवॅटच्या आसपास. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच किलोवॅट धरला तर जवळपास साडेतीनपट.

त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटली. म्हणाला, "अरे, इकडे जाहिरातीत दोन्ही बर्नरची बेरीज करून मोठा आकडा छापतात, तू नेहमी एका बर्नरचा आकडा विचार." आणि दुसरं, तिकडच्या आरव्हीला बाहेरच्या बाजूला गॅसचा एक तयार पॉइंट असतो, पण तिथे येणारा गॅस गाडीच्या रेग्युलेटरमधून आधीच कमी दाबाचा होऊन आलेला असतो, 11 इंच पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे साधारण 27 मिलिबार. लोक हाय प्रेशरची शेगडी तिथे लावतात, तिचा स्वतःचा रेग्युलेटर मध्ये असतो, म्हणजे कमी केलेला दाब परत कमी, आणि मग आच मेणबत्तीएवढी येते आणि शेगडी खराब निघाली म्हणून परत करतात. शेगडी बरोबरच असते, दाब चुकीचा असतो.

अजून एक फरक त्याने लक्षात आणून दिला. तिकडे टाकीत जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो, त्यांचा एचडी-5 म्हणून जो दर्जा आहे त्यात कमीत कमी 90 टक्के प्रोपेन लागतो. प्रोपेन उणे 42 डिग्रीला उकळतो, म्हणून बर्फातसुद्धा त्यांची शेगडी चालते. आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण, आणि ब्यूटेन जवळपास शून्यालाच (उणे अर्धा डिग्री) गॅस व्हायचा थांबतो. इंदुरात घरी बसून याने काही फरक पडत नाही. डिसेंबरात पहाटे डोंगरावर पडेल.

17 नोव्हेंबर, रविवार

शेगड्या बघायला बाजारात जायचं होतं, आज बंद असतं म्हणून उद्यावर ढकललं.

18 नोव्हेंबर

ऑफिसमधून लवकर निघून सियागंज, मग बर्तन बाजार. दोन तास फिरलो. सांगायचं म्हणजे दुकानात तुम्ही "पॉवरफुल पाहिजे" म्हणालात की थेट हलवायाची भट्टी दाखवतात. एकाने बिडाचा इतका मोठा बर्नर काढला की त्यावर लग्नाचा भात शिजेल, म्हणाला, "भिया, इससे ऊपर कुछ नहीं आता." मी विचारलं, तासाला किती गॅस खातो? त्याला ते कोणी विचारलेलं नसावं, पण भला माणूस, त्याने आतून कारखान्याचा कागद शोधून आणून दिला, तासाला दोन किलोच्या वर. म्हणजे 5 किलोचं सिलेंडर अडीच तासात संपणार, आणि तेही कागदावर, कारण छोट्या सिलेंडरातून इतका गॅस सतत निघतच नाही.

सुटसुटीत असे तीन प्रकार दिसले. एक, ब्यूटेनच्या डबीवर चालणारी छोटी चपटी शेगडी, चहाला छान, पण दोन-अडीच किलोवॅटच्या वर जात नाही आणि थंडीत लवकर मान टाकते. दुसरा, लोखंडी तिपाईवर एकच बिडाचा बर्नर, एक चावी. तिसरा, तसाच पण दोन चकत्यांचा, आतली छोटी चकती वेगळ्या चावीवर आणि बाहेरची मोठी वेगळ्या चावीवर. हा तिसरा बघताक्षणीच डोक्यात बसला, पण आधी मोजू.

20 नोव्हेंबर

रात्री बसून हिशोब केला. 10 लिटर पाणी 25 डिग्रीवरून उकळीपर्यंत. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे म्हणून इथे पाणी 98 च्या आसपास उकळतं, तर 73 डिग्री वाढवायचे. 10 गुणिले 4.186 गुणिले 73, म्हणजे 3,056 किलोज्यूल. एक किलो एलपीजी जळला की सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता निघते. सगळीच्या सगळी पाण्यात गेली असती तर 66-67 ग्रॅम गॅसमध्ये काम झालं असतं. तसं कधीच होत नाही. आयएसआय मार्कच्या घरगुती शेगडीला किमान 68 टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे तिला शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. मोठ्या भट्टीची आच पातेल्याच्या बाजूने वर निघून जाते, ती किती खाईल ते मोजूनच कळेल.

24 नोव्हेंबर, रविवार

गच्चीवर चाचणी. मामांचा केटरिंगचा धंदा आहे, त्यांनी एक चकतीवाला हाय प्रेशर बर्नर दिला आठवड्यासाठी. भंगारवाले वापरतात तसा डिजिटल लटकन काटा आणला, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोरीने बांधला, आणि सिलेंडर आधी आणि नंतर वजन करायचं असं ठरलं. रेग्युलेटर काढून, नळी काढून, फक्त सिलेंडर, नाहीतर नळी काट्यावर ओढ देते आणि आकडा हलत राहतो.

पातेलं तेच, झाकण तेच, 10 लिटर पाणी. घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरला अर्धा तास उलटून गेला तरी उकळी नाही, पस्तीस मिनिटांना नीट खळखळ सुरू झाली. गॅस गेला एकशेपाच ग्रॅमच्या आसपास. मामांच्या बर्नरला बारा मिनिटं. गॅस गेला एकशेसत्तर. म्हणजे मोठ्या आचेने वेळ एक तृतीयांश केला आणि गॅस दीडपटीहून जास्त खाल्ला. हे मला अजिबात वाईट वाटत नाही, सौदा समजून केला तर बरोबर आहे, फक्त दिवसभर त्या आचेवर सगळं करायचं नाही एवढं कळलं. झाकण काढून परत उकळलं तेव्हा दोन्हीकडे वेळ वाढला आणि मोठ्या बर्नरवर तर चक्क वाऱ्याने आच एका बाजूला कलली.

बारा मिनिटांत 170 ग्रॅम म्हणजे तासाला 850 ग्रॅम, म्हणजे पावणेअकरा किलोवॅट. चौदा माणसांच्या बाफल्यांना याच्या वर जायची गरज नाही. हे मी मामांना सांगितलं तर म्हणाले, "तुला भात दोनशे माणसांचा करायचाय का? मग बस की एवढ्यावर." बसलोच.

अजून एक बघण्यासारखं होतं. भट्टी वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालू ठेवली तर सिलेंडरला घाम आला, म्हणजे खालच्या अर्ध्या भागावर बारीक थेंब, आणि एका ठराविक रेषेच्या वर पत्रा कोरडा. हात लावला तर रेषेच्या खाली गारठलेला, वर साधा. ती रेषा म्हणजे आत द्रव गॅस जिथपर्यंत आहे ती पातळी. आत द्रव उकळून वायू होतो, त्याला उष्णता लागते, ती तो पत्र्यातून आणि स्वतःतून ओढतो. एक किलो एलपीजीचा वायू व्हायला साधारण 350-360 किलोज्यूल लागतात, तर तासाला 850 ग्रॅमच्या वेगाने त्या छोट्या सिलेंडरला सतत ऐंशी-पंच्याऐंशी वॅट उष्णता बाहेरच्या हवेतून मिळाली पाहिजे. मिळाली नाही की तो गार होत जातो, दाब पडतो, आच बसते. बर्नर कितीही मोठा आणा, सिलेंडर जेवढा वायू देईल तेवढीच आच. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि मला वाटतं हीच खरी निवड आहे, बर्नर नंतर.

27 नोव्हेंबर

दाबाबद्दल लिहून ठेवतो, कारण दादा म्हणाला, "घरचीच शेगडी घेऊ, रेग्युलेटर फक्त हाय प्रेशरचा लावू, झालं काम." मी त्याला कागदावर दाखवलं. घरचा रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार देतो. हाय प्रेशरवाला 1 बारला ठेवला तर दाब तेहतीसपट. जेटमधून (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे पावणेसहापटीच्या जवळ. घरच्या शेगडीचं जेट, हवेची खिडकी, पितळी टोपी, काहीच त्या प्रवाहासाठी केलेलं नाही, आच उचलली जाईल, पिवळी होऊन फुटभर वर येईल, चावीतून गळेल. आणि उलटं, हाय प्रेशर बर्नर घरच्या रेग्युलेटरवर लावला तर बारीक जेटमुळे टिमटिमत राहील. शेगडी, जेट आणि रेग्युलेटर एकाच घरातले पाहिजेत. दादाला लगेच पटलं, तो इलेक्ट्रिकलचा माणूस आहे, त्याला दाब म्हणजे व्होल्टेज म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

1 डिसेंबर, रविवार

सिलेंडर. घरचा 14.2 चा लाल सिलेंडर न्यायचा नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, तो घराच्या कनेक्शनचा आहे. 5 किलोचे, पत्त्याचा पुरावा न मागता फक्त ओळखपत्रावर मिळणारे सिलेंडर घ्यायचे, इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये त्याचं नाव छोटू ठेवलं तो. रिकामा देऊन भरलेला घेता येतो, एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर पण, म्हणजे बाहेरगावी अडत नाही. फायबरचा, कॉम्पोझिट वाला पण बघितला, वजनाला लोखंडीच्या निम्मा आणि आतली पातळी उजेडात दिसते, वहिनींना तोच आवडला. पण वाटेत कुठे बदलून मिळेल याची खात्री लोखंडीचीच जास्त वाटली, म्हणून लोखंडी, दोन.

घेताना कॉलरच्या पट्टीवर आतल्या बाजूला लिहिलेलं अक्षर आणि वर्ष बघितलं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. त्या तिमाहीपर्यंत त्याची तपासणी व्हायला पाहिजे. एकावर तारीख जवळ आली होती, तो परत ठेवून दुसरा मागितला, देणाऱ्याने काही न बोलता दिला. काट्यावर वजन पण तिथेच करून घेतलं, रिकाम्याचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

8 डिसेंबर, रविवार

पिठल्याचा दिवस.

वहिनी पहिल्यापासून म्हणत होत्या, "अहो भाऊजी, तुम्ही नुसतं उकळायला किती वेळ लागतो ते मोजून राहिलात, पिठलं कोण मोजणार?" बरोबर होतं त्यांचं. मोठी आच सगळ्यांना दिसते, बारीक आच कोणी तपासत नाही, आणि मराठी घराच्या जेवणातलं निम्मं तर मंद आचेवर होतं. तर आज मामांचा एक चकतीवाला आणि दुकानातून बघायला आणलेला दोन चकत्यांचा, दोन्ही गच्चीवर शेजारी शेजारी.

एक चकतीवर वहिनींनी कढईत फोडणी केली, मोहरी तडतडली, लसूण मिरची पडली, पाणी उकळलं, इथपर्यंत झकास, घरापेक्षा लवकर. मग एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने घोटायला लागल्या आणि मला म्हणाल्या आता कमी करा. चावी फिरवली. कमी झाली, अजून फिरवली, तर बाहेरच्या भोकांतून एकेक ज्योत विझायला लागली आणि मध्ये फक्त तीन-चार ठिकाणी जळत राहिली, फर्र-फर्र आवाज करत. जिथे ज्योत होती तिथे पिठलं खदखदून उडत होतं, जिथे नव्हती तिथे शांत. वहिनी कढई फिरवत राहिल्या, पण तळाला एक अर्धचंद्र लागलाच, करपल्याचा वास आला. रेग्युलेटरवरून दाब उतरवून बघितलं, जरा बरं झालं, पण मग प्रत्येक वेळी सिलेंडरपर्यंत चालत जा, वाक, फिरव. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे सांगायचं का?

दोन चकत्यांवर बाहेरची चावी बंद, आतली निम्मी. निळी, बसकी, गोल ज्योत, कढईच्या तळाच्या मधोमध. बेसन सोडलं, गुठळी नाही, झाकण ठेवलं, वाफ आली, कोथिंबीर. आत्यांनी वरून एक घास खाऊन नुसतं "हं" म्हणून मान हलवली. मग त्याच शेगडीवर दोन्ही चकत्या पूर्ण सोडून पातेलं ठेवलं आणि बाफल्याचं पाणी, पीठ भिजवलेलंच होतं, बाफले टाकल्यावर उकळी मोडली ती मिनिटभरात परत आली आणि सगळे वर तरंगले. एका शेगडीत दोन स्वभाव पाहिजेत, ते इथे आहेत. माझ्या मते हे ठरलं.

दोन चकत्यांवाला मामांच्यापेक्षा पूर्ण आचेवर किंचित कमी आहे, उकळीला चौदा-पंधरा मिनिटं. चालेल. आनंदाने चालेल.

10 डिसेंबर

नळी. दुकानदाराने घरच्या शेगडीची केशरी सुरक्षा नळी काढून दिली, ती घेतली नाही, ती घरच्या कमी दाबाच्या शेगडीसाठी ठीक. हाय प्रेशरसाठी वेगळी, आतून जाळीची, टोकं कारखान्यात प्रेस केलेली घेतली, क्लिप मारून स्क्रू ड्रायव्हरने आवळायची नाही. लांबी दीड मीटर, कारण सिलेंडर आचेपासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवता आला पाहिजे. रेग्युलेटर घड्याळवाला, म्हणजे दाब दिसणारा.

सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. एका जोडाला बारीक फुगे आले, एकेक करत, मुंगीच्या डोक्याएवढे. नुसत्या नाकाला काही कळत नव्हतं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात म्हणून तो वास येतो, पण उघड्यावर, सर्दी झालेल्या माणसाला, वारा असताना वासावर विसंबायचं नाही. जोड सोडून, पुसून, परत बसवला, फुगे गेले. हे प्रत्येक वेळी करायचं, प्रत्येक मुक्कामाला.

15 डिसेंबर, रविवार

वाऱ्यासाठी पत्र्याची आडोशाची घडी करून घेतली, लोहा मंडीतून पत्रा, तीन बाजूंना, चौथी उघडी. चौथी बाजू बंद करायची नाही आणि सिलेंडर आडोशाच्या आत अजिबात ठेवायचा नाही, उष्णता कोंडली तर नळी आणि सिलेंडर दोन्ही तापतात. पत्र्याच्या खालून चार बोटं जागा सोडली आहे, बर्नरला हवा तिथूनच लागते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, पातेल्याला काजळी, आणि कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही, रंग नाही. म्हणून रात्री थंडी वाजते म्हणून ही शेगडी गाडीत किंवा तंबूत ऊब घ्यायला पेटवायची नाही हे पोरांना सुद्धा सांगून ठेवलंय, समजावून, का ते सांगून.

22 डिसेंबर, रविवार

मांडूला मुक्काम झाला काल रात्री, ओळखीच्यांच्या शेतात. गाडीने पहिल्यांदाच. संध्याकाळचा स्वयंपाक बघण्यासारखा झाला, खिचडी, कढी, पापड, वारा होता पण आडोसा पुरला.

खरी परीक्षा आज पहाटे होती. थर्मामीटर 9 डिग्री. मुद्दाम काल वापरलेला, निम्म्याहून कमी उरलेला सिलेंडरच लावला, बघायचंच होतं. पोह्यांचं पाणी ठेवलं, दोन्ही चकत्या पूर्ण. पहिली पंधरा मिनिटं काही नाही. मग आवाज बदलला, भरदार घरघर होती ती पातळ झाली, रेग्युलेटरचा काटा हळूहळू खाली. अर्ध्या तासाने आच निम्मी, आणि सिलेंडरच्या खालच्या वितभर भागावर पांढरी साय धरली, बर्फाची, नखाने खरवडली तर निघत होती. दोन कारणं एकदम लागू झाली: द्रव कमी म्हणून ओला पत्रा कमी, उष्णता आत यायला जागाच थोडी, आणि दुसरं म्हणजे मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो, शेवटी उरतो तो ब्यूटेनच जास्त, जो शून्याजवळ हलायलाच तयार नसतो.

शेतावरच्या दादांनी लगेच उपाय सांगितला, उकळतं पाणी ओता नाहीतर आडवा करून हलवा. नम्रपणे नाही म्हटलं. आडवा केला तर द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये येतो आणि बर्नरला फूटभराचा लोळ. सिलेंडर कायम उभा. आम्ही काय केलं, तर आच बंद, दुसरा भरलेला सिलेंडर लावला, साबणाचं पाणी, परत पेटवली, आणि पोहे झाले. अर्धा रिकामा उन्हं वर आल्यावर दुपारच्या स्वयंपाकाला लावला, शेवटपर्यंत गेला. तर नियम हा: पहाटे भरलेला, दुपारी उरलेला. साधं आहे पण कुठल्या डब्यावर छापलेलं नाही.

आत्येभावाला फोटो पाठवला बर्फाचा. त्याचं सिलेंडर 20 पाउंडांचं, म्हणजे 9 किलोचं, आणि आत प्रोपेन, त्याला इतक्या थंडीत हे दिसत नाही म्हणाला, उणे दहाला कधीतरी.

25 डिसेंबर

शेगडी विकत घेतली. दोन चकत्यांची, बिडाची, पाय काढता येणारी. मापं बघून घेतली: पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, वर 20 लिटरचं भरलेलं पातेलं ठेवून पोराला बाजूने हळूच ढकलायला सांगितलं, हललं नाही. उंची गुडघ्याच्या जरा वर, वहिनी उभ्यानेही घोटू शकतात आणि काकू स्टुलावर बसूनही. ज्या शेगडीवर पातेलं डगमगतं तिचा आकडा कितीही असो, घेऊ नये असं मी कोणालाही सांगेन, उकळत्या 20 लिटर पाण्याशेजारी पोरं पळत असतात.

5 जानेवारी 2025, रविवार

सिलेंडरची पेटी. मिस्त्रींकडे दिवस गेला. गाडीच्या मागच्या बाजूला, बाहेरून उघडणारं दार, आतल्या केबिनकडे जाणारी प्रत्येक फट वेल्डिंग आणि सिलिकॉनने बंद. तळाला दोन मोठी भोकं, जाळी लावून, थेट खाली रस्त्याकडे उघडणारी. मिस्त्री म्हणाले भोकं वर करू, पाणी येणार नाही. पण एलपीजी हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट, ब्यूटेन दुप्पट, गळला तर तो खाली बसतो, वरच्या भोकातून जाणारच नाही. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी ठिणगीने पेटतो. भोकं तळालाच. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि स्वतःहून भोकांना मागच्या बाजूने कललेली टोपी लावून दिली, म्हणजे चाकाचं पाणी उडणार नाही. फार सुबक काम केलं त्यांनी.

प्रत्येक सिलेंडरला पट्टा, उभाच बसेल असा कप्पा. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला, वॉल्व्हला टोपी.

12 जानेवारी

आठ दिवस गच्चीत उघडी ठेवलेली शेगडी पेटवली तर आतली चकती एका बाजूनेच जळली आणि खालच्या हवेच्या खिडकीतून ज्योत बाहेर डोकावली. लगेच बंद. नळी काढून बॅटरीने आत बघितलं तर कुंभारमाशीने मिक्सिंगच्या पाइपात (गॅस आणि हवा मिसळते तो) मातीचं घर करायला घेतलेलं, करंगळीच्या पेरभर. आत्येभाव म्हणाला तिकडे कोळी हेच करतात, जाळं विणतात आणि आच उलटी खिडकीतून येते. तारेचा लांब ब्रश घालून साफ केलं, जेट पिनेने नाही तर काढून फुंकून, पिन घातली तर भोक मोठं होतं आणि मग सगळा हिशोबच बदलतो. भोकं लोखंडी ब्रशने घासली, परत निळी, गोल.

आता शेगडीसाठी जाड कापडाची पिशवी शिवायला टाकलीये, पाइपाच्या तोंडाला आणि खिडकीला झाकण म्हणून जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून बसवतोय, प्रवासात लावायची, पेटवताना काढायची. पिशवी गुरुवारी मिळेल. पेटीत साबणाच्या पाण्याची बाटली, तारेचा ब्रश, एक जादा वॉशर, लायटर आणि लटकन काटा ठेवायला कोपऱ्यात छोटा खण करायला मिस्त्रींना सांगितलंय. पुढचा मुक्काम पचमढी, हजार मीटरच्या वर, आणि जानेवारीतली पहाट, तर दोन्ही सिलेंडर भरून घ्यायचे आणि तिसरा एक घ्यायचा का ते दादा आणि वहिनींशी बोलून शुक्रवारच्या आत ठरवायचं.